विश्लेषण : ट्रेकसाठी स्टोव्ह निवडताना आधी इंधन का पाहावे?

दिवाळीनंतर सह्याद्रीत मुक्कामी ट्रेकचा हंगाम सुरू होतो, तर एप्रिल-मेमध्ये अनेकांची पावले हिमालयाकडे वळतात. सॅकमध्ये मावणारा छोटा स्टोव्ह दोन्हीकडे लागतो. खरेदी करताना मात्र वजन आणि किंमतच पाहिली जाते. इंधनाचा विचार राहून जातो आणि ऐन चहाच्या वेळी स्टोव्ह दगा देतो.

थंडीत गॅस का मंदावतो?

कॅनमधील गॅस दाबाखाली द्रवरूपात असतो. त्याची वाफ झाली तरच तो जळतो. समुद्रसपाटीच्या दाबाला ब्युटेन उणे ०.५ अंश सेल्सिअसला, आयसोब्युटेन सुमारे उणे १२ अंशांना, तर प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळते. शिवाय जळताना कॅन स्वतःही गार होत जातो. त्यामुळे हरिश्चंद्रगडावर साध्या ब्युटेनवर भागते. हिमालयात पारा शून्याखाली गेला, की कॅन भरलेला असूनही ज्योत मंदावते.

मग हिमालयासाठी कोणता?

आयसोब्युटेन-प्रोपेन मिश्रणाच्या, आट्यांच्या कॅनवर बसणारा स्टोव्ह. कडाक्याच्या थंडीतील लांब मोहिमांसाठी केरोसीनवर चालणारा पंपाचा स्टोव्ह बरा. तो जड असतो, पेटवायला खटपट लागते. पण दाब हाताने भरायचा असल्याने थंडीने अडत नाही.

गॅस किती लागतो?

एक लिटर पाणी उकळायला साधारण १५ ग्रॅम. दोघांच्या एका मुक्कामात चार लिटर पाणी उकळायचे धरले, तर ६० ग्रॅम. उघड्यावर, वाऱ्यात याच्या दुप्पट धरावा. साडेतीन हजार मीटर उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते. तिथे डाळ शिजवत बसण्यापेक्षा गरम पाण्यात तयार होणारे पदार्थ न्यावेत.

कॅन प्रवासात नेता येतो का?

विमानात नाही, हातातल्या बॅगेतही नाही आणि चेक-इन सामानातही नाही. रेल्वेतही बंदी आहे. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६४ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराईजवळ उभ्या असलेल्या पर्यटक डब्यात बेकायदा नेलेल्या सिलिंडरमुळे आग लागून नऊ जणांचा मृत्यू झाला होता. म्हणून स्टोव्ह घरून न्यावा आणि कॅन मनाली, लेहसारख्या ठिकाणी पोहोचल्यावर घ्यावा. तिथे कोणत्या तोंडाचा कॅन मिळतो, हे स्टोव्ह घेण्याआधीच विचारावे.

तंबूत पेटवला तर?

बंद तंबूत जळणाऱ्या स्टोव्हमधून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपेतच जीव जाऊ शकतो. स्वयंपाक बाहेरच करावा. वारा अडवणारा पत्रा कॅनभोवती पूर्ण गुंडाळू नये. कॅन तापून फुटण्याचा धोका असतो. सह्याद्रीत फेब्रुवारीनंतर गवत वाळलेले असते, तेव्हा स्टोव्ह कातळावरच मांडावा. आणि रिकामा कॅन गडावर न टाकता परत आणावा.