ताप उतरला, पण नाडी?

घरात कोणाला कणकण आली की आपला हात कपाळाकडे जातो, मनगटाकडे क्वचितच. नाडी धरणे हे वैद्यबुवांचे काम, अशी आपली समजूत.

मोठ्या माणसाची नाडी निवांतपणी मिनिटाला ६० ते १०० पडते, मुलांची अधिक. अंग तापले की शरीराला प्राणवायू जास्त लागतो आणि हृदयाचा ठेका ठरविणाऱ्या पेशीही उष्णतेने चपळ होतात. फॅरनहाइटच्या एका अंशामागे सुमारे दहा ठोके वाढतात, असा ढोबळ अडाखा आहे.

काही ताप मात्र हा अडाखा जुमानीत नाहीत. अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्सच्या डॉ. फाजे यांनी १८५९ साली पीतज्वराविषयी नोंदविले, की ताप चढलेलाच असतो आणि नाडी मंदावत जाते. डेंग्यूचा विषाणू पीतज्वराच्याच कुळातला; त्याच्या तापातही पुष्कळदा नाडी मागे राहते. विषमज्वरातही तसे घडते, आणि तो तर विषाणूचा आजारच नव्हे. म्हणून नाडीवरून घरच्या घरी रोगाचे नाव ठरवू नये.

मग ती मोजायची कशाला? पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पावसाळ्यात जुन्या टायरांत, उघड्या पिंपांत पाणी साचते. डेंग्यूच्या डासाला तेवढे पुरते. तापाने पडलेला कामगार चौथ्या-पाचव्या दिवशी अंग निवले की खाडा नको म्हणून पाळीवर निघतो. धोका नेमका त्याच वेळी असतो! काही रोग्यांत ताप उतरताना रक्तातील पाणी बारीक रक्तवाहिन्यांतून पाझरू लागते. रक्त कमी पडते, म्हणून हृदय घाईघाईने धावते. ताप नाही आणि नाडी मात्र जलद, क्षीण. हातपाय गार, पोटात दुखते, उलट्या थांबत नाहीत, लघवी कमी, असे दिसले तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.

पिंपरीत १९५५ साली पेनिसिलीन तयार होऊ लागले, याचा आपल्याला अभिमान आहे. पण विषाणूपुढे ते चालत नाही. अ‍ॅस्पिरिन तर डेंग्यूच्या संशयात देऊच नये. त्याने रक्तस्राव वाढतो.

नाडी मोजताना अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर, तीन बोटे हलकेच ठेवावीत. आपला अंगठा वापरू नये, त्याचीच नाडी लागते. घड्याळ पाहून पूर्ण मिनिट मोजावे. गुरुजींनी हे वर्गात एकदा करवून घेतले तर मुले घरी शिकवतील. आणि रोग्याच्या उशाशी कागद ठेवून वेळ, ताप व नाडी शेजारी शेजारी लिहावी. डॉक्टरांना तो कागद दाखवावा.