प्राणवायूचे दुसरे रूप

मुंबईहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर मनमाडच्या पुढे नांदगाव लागते. नाशिक जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव. येथील रुळांकडे पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. ज्या भागावरून गाड्यांची चाके रात्रंदिवस धावतात, तो भाग रुप्यासारखा चकाकतो. परंतु त्याच रुळाच्या दोन्ही बाजू मात्र तांबूस गंजाने माखलेल्या असतात. हवेतील प्राणवायू आणि ओलावा यांच्या सहवासात लोखंड हळूहळू गंजते. चिरून ठेवलेले वांगे काळे पडते, जुने शेंगदाणे खवट होतात, ही कृत्येही प्राणवायूचीच. या क्रियेला शास्त्रात ऑक्सिडीकरण असे म्हणतात.

ज्या वायूवाचून मनुष्य काही मिनिटेही जगू शकत नाही, तोच वायू लोखंड खातो आणि तेल नासवतो. मग जो प्राणवायू श्वासाबरोबर शरीरात जातो, तो तेथे काहीच नासधूस करीत नसेल काय? शास्त्रज्ञांना हा प्रश्न पडला आणि त्याच्या उत्तरातून हृदयविकाराविषयीचे एक मोठे कोडे पुढे आले.

शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचे बनलेले आहे. प्रत्येक पेशीला काम करण्यासाठी शक्ती लागते. अन्नातून ही शक्ती काढण्याचे काम पेशीतील तंतुकणिका नावाच्या घटकांत चालते. त्यासाठी प्राणवायू लागतो. प्राणवायूच्या एका रेणूला चार इलेक्ट्रॉन मिळाले म्हणजे त्याचे निरुपद्रवी पाणी होते. परंतु एखादे वेळी रेणूच्या वाट्याला एकच इलेक्ट्रॉन येतो. मग तो अर्धवट रेणू अस्वस्थ होतो. इलेक्ट्रॉनांना जोडीने राहणे आवडते, असे म्हणावयास हरकत नाही. ज्याची जोडी अपुरी असते, तो रेणू शेजारच्या रेणूचा इलेक्ट्रॉन हिरावून घेतो. अशा रेणूंना मुक्त मूलक असे नाव आहे.

खो-खोच्या खेळात धावणाऱ्या गड्याने 'खो' दिला, की तो स्वतः बसतो आणि बसलेला गडी उठून धावू लागतो. मुक्त मूलकांचेही तसेच आहे. पहिल्याने दुसऱ्याचा इलेक्ट्रॉन घेतला की पहिला शांत होतो. पण दुसरा अस्वस्थ होऊन तिसऱ्याकडे धाव घेतो. ही साखळी वाढत गेली, तर पेशीभोवतीचे स्निग्ध आवरण शेंगदाण्यातील तेलाप्रमाणेच खराब होते, प्रथिने बिघडतात आणि अखेरीस पेशी मरते.

मात्र मुक्त मूलक केवळ शत्रूच आहेत, असे समजणे योग्य नव्हे. रक्तातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंना मारण्यासाठी त्यांचाच शस्त्रासारखा उपयोग करतात. शिवाय त्यांना आवर घालणारे रखवालदार शरीरातच असतात. इ. स. १९६९ मध्ये अमेरिकेतील जो मॅककॉर्ड आणि आयर्विन फ्रिडोविच या शास्त्रज्ञांनी अशा एका रखवालदाराचे, म्हणजे एका विकराचे, कार्य उघडकीस आणले. आहारातून मिळणारी क व ई ही जीवनसत्त्वेही या कामी साहाय्य करतात. जोपर्यंत मूलके आणि रखवालदार यांचा तोल राहतो, तोपर्यंत शरीराचे बरे चालते. मूलके वरचढ झाली, की पेशींवर ऑक्सिडीकरणाचा ताण पडतो.

या विषयाच्या अभ्यासात महाराष्ट्रातील संशोधकांचाही वाटा आहे. मुंबईत ट्रॉम्बे येथे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. अणूपासून निघणारे किरण शरीरात शिरले, तर ते पेशींतील पाण्याच्या रेणूंचे तुकडे करतात आणि त्यांतून मुक्त मूलके निर्माण होतात. त्यामुळे किरणांपासून माणसाचे रक्षण कसे करावे, याचा विचार करणाऱ्या शास्त्रज्ञांना मूलकांचा अभ्यास करावाच लागला. तेथील डॉ. देवसगायम यांनी पुणे विद्यापीठातील संशोधक आणि मुंबईचे प्रसिद्ध वैद्यक डॉ. रा. द. लेले यांच्यासह इ. स. २००४ मध्ये या विषयाचा विस्तृत आढावा प्रसिद्ध केला. अणुशास्त्र, रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र आणि वैद्यक अशा वेगवेगळ्या वाटांनी आलेली माणसे एका प्रश्नापाशी एकत्र आली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता हृदयाकडे वळू. मुठीएवढा हा स्नायू दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावतो. त्याला क्षणाचीही सुटी नाही. त्याच्या पोकळीत सदैव रक्त भरलेले असते. परंतु त्या रक्तातून त्याला आपली तहान भागवता येत नाही. नांदगाव तालुक्यात गिरणा नदीवर मोठे धरण आहे. धरण तुडुंब भरले, तरी पाटाची चारी शेतापर्यंत आल्यावाचून पीक भिजत नाही. तसेच हृदयाच्या स्नायूलाही स्वतःच्या लहान लहान रोहिण्यांमधूनच रक्त मिळते. या रोहिण्यांच्या आतील बाजूस स्निग्ध पदार्थांचे थर साचतात, आणि तेथे रक्ताची गुठळी अडकली म्हणजे पुढचा स्नायू प्राणवायूवाचून तडफडू लागतो. यालाच हृदयविकाराचा झटका म्हणतात. अर्ध्या-पाऊण तासात पेशी मरू लागतात आणि पुढील काही तासांत हानी पसरत जाते. मेलेल्या पेशींच्या जागी पुन्हा तसाच जोमदार स्नायू येत नाही.

यावर उपाय उघड आहे. गुठळी विरघळवावी अथवा बारीक नळी व फुगा यांच्या साहाय्याने रोहिणी मोकळी करावी, म्हणजे रक्त पुन्हा वाहू लागेल. पण येथेच ते कोडे उभे राहिले. इ. स. १९६० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी कुत्र्यांवर प्रयोग केले, तेव्हा रक्त पुन्हा सुरू झाल्यावर काही पेशींचा नाश अधिकच वेगाने होतो, असे त्यांना दिसले. इ. स. १९७३ मध्ये इंग्लंडमधील डेव्हिड हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या हृदयांवर प्रयोग करून दाखविले, की प्राणवायूविना राहिलेल्या हृदयाला एकाएकी प्राणवायू दिला, तर त्याला मोठी इजा होते. कोरड्या पडून भेगाळलेल्या पाटात एकदम पाण्याचा लोंढा सोडला, तर काठ फुटतात. तसाच हा प्रकार. प्राणवायूच्या लोंढ्याबरोबर मुक्त मूलकेही मोठ्या संख्येने निर्माण होतात, आणि त्यांना आवरणारे रखवालदार तर आधीच थकलेले असतात.

याचा अर्थ रोहिणी मोकळी करू नये असा मुळीच नव्हे. ती बंदच राहिली, तर त्या भागातील स्नायूचा मोठा नाश ठरलेलाच. मोकळी केली, तर त्यातील पुष्कळसा भाग वाचतो. प्रश्न इतकाच, की प्राणवायू परत येताना होणारी इजा कशी टाळावी?

इ. स. १९८६ मध्ये अमेरिकेत एक विलक्षण गोष्ट आढळली. कुत्र्याच्या हृदयाची रोहिणी पाच पाच मिनिटे चार वेळा बंद करून मध्ये मोकळी केली आणि मग ती चाळीस मिनिटे बंद ठेवली. हानी वाढेल असे वाटले होते. उलट ती सुमारे एक चतुर्थांशावर आली! लहान संकटांनी हृदयाला मोठ्या संकटासाठी जणू तयार केले होते. पुढे दंडाला पट्टा आवळून व सैल करून रुग्णांच्या हृदयाला असे संरक्षण देता येईल काय, हे पाहण्यात आले. परंतु झटका आलेल्या पाच हजारांहून अधिक रुग्णांवर केलेल्या परीक्षेचा निष्कर्ष इ. स. २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा या उपायाने लाभ झाल्याचे दिसले नाही.

ई जीवनसत्त्वाची कथाही अशीच आहे. परीक्षानळीत ते मूलकांची साखळी तोडते. तेव्हा त्याच्या गोळ्यांनी हृदयाचे रक्षण होईल, अशी पुष्कळांची आशा होती. नऊ हजारांहून अधिक लोकांना चार वर्षांहून अधिक काळ परीक्षेखाली ठेवण्यात आले. काहींना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी पोकळ गोळी. इ. स. २००० मध्ये निकाल लागला. दोन्ही गटांत फरक आढळला नाही. आपल्याकडे नदीकाठी वाढणाऱ्या अर्जुनसादड्याच्या सालीचा हृदयविकारावर उपयोग आयुर्वेदात सांगितला आहे, आणि तिच्यात ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्ये असल्याचे प्रयोगशाळेत दिसूनही आले आहे. पण तिलाही माणसांवरील मोठ्या आणि काटेकोर परीक्षांची कसोटी द्यावी लागेल. प्रयोगशाळेतील यश म्हणजे रुग्णाचे बरे होणे नव्हे. 'नाही' हे उत्तर प्रामाणिकपणे सांगणे हेही शास्त्राचेच काम आहे.

सर्वच प्रयत्न मात्र विफल झाले नाहीत. हृदयावर शस्त्रक्रिया करताना ते विशिष्ट द्रावणाने थांबवून थंड ठेवतात. थंडीत पेशींची प्राणवायूची गरज कमी होते, त्यामुळे हृदय काही काळ रक्तावाचून तग धरते. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातील पहिले हृदयरोपण केले. तो रुग्ण काही तासच जगला. परंतु अशा धाडसी प्रयत्नांतूनच पुढची वाट तयार झाली. आज हृदयरोपणाने अनेकांना नवे आयुष्य मिळते.

या सर्व संशोधनातून एक गोष्ट निर्विवाद ठरली आहे. हृदयाचे खरे औषध वेळ हे होय. रोहिणी जितकी लवकर मोकळी होईल, तितका अधिक स्नायू वाचतो. नांदगावहून नाशिक शहर सुमारे शंभर किलोमीटर दूर आहे. खेड्यापाड्यांतील रुग्णाला तर त्याहूनही अधिक वाट तुडवावी लागते. अशा ठिकाणी छातीवर दडपण येणे, वेदना डाव्या हातात किंवा जबड्यात जाणे, दरदरून घाम सुटणे, धाप लागणे ही लक्षणे दिसताच 'पित्त असेल, सकाळी पाहू' असे म्हणणे घातक ठरते. महाराष्ट्रात इ. स. २०१४ पासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. घरातील मोठी माणसे गोंधळून गेली, तर हा क्रमांक फिरविण्याचे काम शाळेत जाणारे मूलही करू शकते.

त्याहून श्रेष्ठ उपाय म्हणजे झटका येऊच न देणे. विडीच्या व सिगारेटच्या प्रत्येक झुरक्यात मुक्त मूलके असतात. म्हणून तंबाखूपासून दूर राहावे. रोज चालावे, खेळावे. पालेभाज्या, पेरू, आवळा, कांदा, कडधान्ये हा साधा आहार घ्यावा. प्राणवायू तोच, तोल राखला तर तो जीवन देतो, आणि तोल गेला तर तोच ते हिरावून घेतो. तो तोल राखणे बरेचसे ज्याच्या त्याच्या हाती आहे.

स्वाध्याय

१. रुळाचा गंज आणि खवट शेंगदाणे यांत कोणते साम्य आहे?
२. मुक्त मूलकांना खो-खोच्या खेळाची उपमा का दिली आहे?
३. हृदयात रक्त भरलेले असूनही हृदयाच्या स्नायूला निराळ्या रोहिण्या का लागतात?
४. ई जीवनसत्त्वाच्या परीक्षेत काही लोकांना पोकळ गोळी का दिली असेल? विचार करून लिहा.
५. "हृदयाचे खरे औषध वेळ हे होय." या विधानाचा अर्थ आपल्या शब्दांत सांगा.