गुठळी निघाली, पायाचं काय?

हिरव्या कापडावर मांडलेली गडद तांबडी, वीतभर लांब रक्ताची गुठळी आणि शेजारी मापपट्टी. नळी घालून मांडीच्या शिरेतून असा ऐवज बाहेर आला की डॉक्टरमंडळी त्याचा फोटो काढतातच. असे फोटो बघायचा मला जुना नाद आहे. सूससारख्या ठिकाणी राहिल्यावर तो लागणारच. 2021 मध्ये गाव पुणे महापालिकेत गेलं, टोलेजंग इमारती आल्या आणि हिंजवडीच्या आयटी कचेरीतली खुर्ची व वाटेतली रहदारी यांत माणसाचा दिवस बसूनच सरू लागला. अशा बसण्याने गुठळी होऊन पोटरी सुजली तर पहिला उपाय अजूनही तेल लावून चोळणं, म्हणजे नेमकं करू नये ते.

‘आपल्या लोकांना डीव्हीटी (पायाच्या खोल शिरेतली गुठळी) होत नाही’ हा समज डॉक्टरांतही बराच काळ होता. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले संजय अगरवाला आणि सहकारी यांनी 2003 मध्ये पायाच्या मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा अभ्यास छापला. प्रतिबंधक उपचार न घेतलेल्यांपैकी 60 टक्क्यांना गुठळ्या होत्या. घेतलेल्यांतही 43 टक्क्यांना.

गुठळीची आवड डाव्या पायाची. ओटीपोटात उजवीकडची रोहिणी डाव्या नीलेला ओलांडून जाते आणि तिला मागच्या मणक्यावर दाबते. मे आणि थर्नर यांनी 1957 मध्ये शवविच्छेदनांतून हे नीट दाखवलं. हा दाब पुढे महत्त्वाचा ठरतो.

रक्त पातळ करणारी औषधं गुठळी वाढू देत नाहीत, पण ती विरघळवतही नाहीत; ते काम शरीर सावकाश करतं. तोवर शिरेतल्या झडपा खराब होतात. पुढची कित्येक वर्षं पाय जड, सुजलेला, घोट्याजवळची कातडी काळवंडलेली, क्वचित न भरणारी जखम. मग गुठळी लगेच काढली तर? गुडघ्यामागच्या शिरेतून नळी सरकवायची, गुठळीतच ती विरघळवणारं औषध ठिबकवायचं, उरलेली खेचून किंवा शोषून घ्यायची. शीर मोकळी, झडपा शाबूत. तर्क इतका देखणा की पुरावा मागायला संकोच वाटावा.

नॉर्वेतल्या कॅव्हेंट चाचणीने 2012 मध्ये आशाही वाढवली: दोन वर्षांनी पायाचा त्रास नळीवाल्यांत 41 टक्के, नुसतं रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांत 56.

मग आली अमेरिकेतली अ‍ॅट्रॅक्ट चाचणी. तिचे प्रमुख सुरेश वेदांतम, सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले, स्वतः नळीच घालणारे डॉक्टर. 56 रुग्णालयं, 692 रुग्ण, सरकारी पैसा. डिसेंबर 2017 मध्ये निकाल छापून आला: दोन वर्षांनी त्रास नळीवाल्यांत 47 टक्के, औषधवाल्यांत 48. वर पहिल्या दहा दिवसांतला मोठा रक्तस्राव 0.3 टक्क्यांवरून 1.7 वर गेलेला. आपल्याच हातच्या कामाची अशी झाडाझडती घेऊन ती जशीच्या तशी छापणारा माणूस मला फोटोंपेक्षा जास्त मोलाचा वाटतो.

वाद अर्थातच पेटला. उपकरणं जुनी होती, मांडीतल्या छोट्या गुठळ्या उगाच घेतल्या, असे आक्षेप आले. पैकी दुसऱ्यात दम होता. 2019 मध्ये ओटीपोटापासून मांडीपर्यंत गुठळी असलेल्यांचे आकडे वेगळे काढले, तेव्हा मध्यम ते तीव्र त्रास नळीवाल्यांत 18 टक्के आणि इतरांत 28 निघाला. गुठळी फक्त मांडी-गुडघ्यात असेल तर फरक जवळजवळ नाहीच. आता विरघळवणाऱ्या औषधाशिवाय गुठळी ओढून काढणारी जाळीची यंत्रं आली आहेत. त्यांचे फोटो आणखी भारी असतात; दोन वर्षांनंतरच्या पायाचा फोटो मात्र कुणी टाकत नाही.

पाय निळा पडून हातचा जायची वेळ आली असेल तर हा वाद गैरलागू. तिथे गुठळी तातडीने काढतात. एरवी सगळं अडतं ते गुठळी वर कुठवर आहे यावर. नेमका तोच भाग पायाच्या डॉपलर सोनोग्राफीत निसटू शकतो, कारण ओटीपोटातली शीर आतड्यांतल्या वायूआड लपते. मे आणि थर्नर यांनी दाखवलेला दाबही तिथेच असतो. म्हणून डावा पाय मांडीसकट सुजला असेल, तर रिपोर्ट हातात आल्यावर ‘वरचं टोक दिसलं का?’ असं मुद्दाम विचारावं, आणि तेही लवकर. चौदा दिवसांहून जुनी लक्षणं असलेले रुग्ण अ‍ॅट्रॅक्टने घेतलेच नव्हते.