'मुसंडी' लिहिण्याआधी

तुमच्या प्रबंधात असं वाक्य आहे का: 'डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला, खेड्यात पहिल्यांदाच, अधिवेशन भरलं आणि काँग्रेसने मुसंडी मारली'? जरा थांबा. झेप मोकळ्या जागेतही घेता येते. मुसंडी म्हणजे अडथळा रेटून अचानक आत घुसणं. म्हणून हा शब्द वापरलात की आधीची जागा, अडथळा आणि वेग, तिन्ही दाखवावं लागतं. 1937 च्या प्रांतिक निवडणुकांत काँग्रेसला मोठं यश मिळालं, हे खरं. पण 1930 च्या निवडणुकांवर तिचा बहिष्कार होता आणि 1935 च्या कायद्याने मतदार कितीतरी वाढले होते. मग तुलना कशाशी करणार? शिवाय 'नंतर' म्हणजे 'त्यामुळे' नव्हे. पुरावा हाती येईपर्यंत साधं 'यश मिळालं' लिहा.