भंगारात घालायच्या आधी एकदा खोला!

गोठ्याच्या कडेला पडलेली जुनी गाडी पुन्हा रस्त्यावर येऊ शकते का? येऊ शकते. पण पाना नंतर, आधी निदान.

तेलगाव, तालुका धारूर, जिल्हा बीड. बीडहून परळीकडे जाणारा आणि माजलगावहून धारूरकडे जाणारा असे दोन रस्ते इथे भेटतात. लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना इथलाच. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉलीमागे एखादी शंभर सीसीची जुनी गाडी फटफटत असतेच. दुधाचे कॅन लावलेली, नाहीतर ट्रिपल सीट (बसू नका, पण बसतात, हे तुम्हालाही माहितीये). तशीच एखादी तुमच्याही घरी पोत्याखाली झाकलेली असेल. वडिलांनी घेतलेली, एमएच २३ पासिंगची. भंगारवाला ती किलोवर मागतोय आणि तुम्ही कॉलेजला जायला एसटीची वाट बघताय.

मग ती घरीच दुरुस्त करायची का? हो, पण सगळी नाही. कुठला भाग घरी आणि कुठला लेथवर, हे कळलं की अर्धं काम झालं.

आपण उदाहरण हिरो होंडा स्प्लेंडरचं घेऊ. ती १९९४ ला आली. त्याआधी १९८५ ला सीडी १०० आली होती, तीही ९७.२ सीसीचीच. हा आकडा येतो कुठून? सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर, पिस्टनची धाव ४९.५ मिलिमीटर. शाळेतलं सूत्र लावा, उत्तर येतंच. दोन्ही कंपन्या पुढे वेगळ्या झाल्या, पण हे इंजिन टिकलं, म्हणून त्याचे पार्ट आजही मिळतात. येझदीवाल्यांचं तसं नाही. म्हैसूरचा तो कारखाना १९९६ ला बंद पडला, आणि एकेका पार्टसाठी आता शोधाशोध करावी लागते. घरी चेतक असेल तर काम आणखी सोपं, कारण टू-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्हच नसतात.

गाडी कित्येक वर्षं उभी असेल तर लगेच किक मारू नका. पिस्टन गंजून बसलेला असू शकतो. प्लग काढा, त्या भोकातून थोडं ऑइल आणि डिझेल सोडा, एक-दोन दिवस जाऊ द्या. मग वरचा गिअर टाकून मागचं चाक हाताने हळूहळू पुढे-मागे हलवा. सुटलं तर सुटलं. जोर केलात तर रिंग तुटेल.

गाडी चालू होत असेल तर धूर बघा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय. कार्बोरेटर आणि एअर फिल्टर साफ करा, इंजिनला हात लावायची गरज नाही. निळसर पांढरा धूर म्हणजे गाडी ऑइल खातेय. रेस धरली की सतत धूर येत असेल तर संशय रिंगवर. सकाळी चालू करताना भपकन येऊन थांबत असेल, तर व्हॉल्व्हच्या सीलवर. आता आणखी एक युक्ती. किक हाताने दाबून बघा, ती अडली पाहिजे. अडत नसेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाका आणि पुन्हा दाबा. आता अडली? म्हणजे रिंग-बोअर झिजलंय. तशीच ढिली? मग व्हॉल्व्ह बसत नाहीत. चमचाभर ऑइलमध्ये एवढं कळतं, आणि मेकॅनिक ‘फुल इंजिन करावं लागेल’ म्हणाला तर त्याला दोन प्रश्न विचारता येतात.

हाफ इंजिन म्हणजे हेड, सिलिंडर, पिस्टन. फुल इंजिन म्हणजे खालचं चेंबर फोडून क्रँकपर्यंत. हाफ घरी करता येतं. फुल नको.

खोलायच्या आधी इंजिन बाहेरून धुवा. हा भाग कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात महत्त्वाचा आहे. फिनच्या खाचांत बसलेली काळी माती आत पडली तर नवं पिस्टनही ओरखडणार. ब्रश आणि डिझेल घ्या. रेशनचं रॉकेल आता कुठे मिळतंय! पण पेट्रोलने धुऊ नका, घरात तर अजिबात नको. त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि चूल किंवा गॅस लांब असला तरी पेट घेते.

मग प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो. नट-बोल्ट अंड्यांच्या ट्रेमध्ये, काढले त्या क्रमाने. हेडचे नट एकदम नाही, समोरासमोरचे थोडे थोडे ढिले करा. सिलिंडर वर उचलला की चेंबरच्या तोंडात लगेच स्वच्छ कापड कोंबा. पिस्टन पिनची ती छोटी क्लिप उडून आत पडली, तर तुमचं हाफ इंजिन तिथेच फुल झालं.

आता कनेक्टिंग रॉड धरा आणि सरळ वर-खाली ओढा. बाजूला थोडी हलली तर चालतं. वर-खाली टकटक झाली तर थांबा. क्रँकचं बेअरिंग गेलंय, त्याला प्रेस लागतो, ते घरचं काम नाही.

कार्बन खरवडायला बांबूची काडी घ्या, स्क्रू-ड्रायव्हर नको. ॲल्युमिनियम मऊ असतं. कार्बोरेटरच्या जेटमध्ये तार घालू नका, पंक्चरवाल्याकडे नेऊन हवा मारा. व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्टने घासले की हेड उलटं करून पोर्टमध्ये डिझेल ओता. थेंब पाझरला तर अजून घासा.

आणि मग येतं मोजमाप. ‘दोन तासांत इंजिन तयार’ छापाच्या व्हिडिओंचा मला राग येतो तो इथे, कारण नेमका हा भाग त्यात कापलेला असतो. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांशांची असते, माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी. डोळ्यांना ती दिसत नाही. सिलिंडरच्या वरच्या कडेखाली नख फिरवा. पायरी लागली तर बोअर झिजलंय, इतकंच घरी कळतं. पुढचं काम लेथवाल्याच्या मायक्रोमीटरचं. तो बोअर ०.२५, ०.५० अशा टप्प्याने मोठं करतो. आधी पिस्टन विकत घ्या, मग सिलिंडर आणि पिस्टन दोन्ही त्याच्या हातात द्या. बोअर त्या पिस्टनच्या मापाने झालं पाहिजे, उलटं नाही. रुमालात गुंडाळून एसटीने नेता येईल एवढंच ते वजन असतं.

जोडताना पिस्टनवरची ‘इन’ची खूण कार्बोरेटरकडे. रिंगांची तोंडं एका रेषेत नकोत. गॅस्किट नवीच. मॅग्नेटवरची ‘टी’ केसिंगच्या खुणेला आणि वरच्या स्प्रॉकेटची गोल खूण हेडच्या खाचेला जुळवल्याशिवाय टायमिंग चेन चढवू नका. प्लग लावण्याआधी किक हाताने दोन-चार वेळा हळू दाबा. कुठे अडलं तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागतोय, पुन्हा खोला.

आता कागदं. देवराष्ट्रे (जि. सांगली) इथले दत्तात्रय लोहार आठवतात? भंगारातून चारचाकी बनवली, किकने चालू होणारी. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी त्यांचं कौतुक केलं, पण ही गाडी नियमांत बसत नाही हेही सांगितलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. तुम्हाला बोलेरो मिळणार नाही, त्यामुळे कागदं आधी बघा. भंगारातून दुसरं इंजिन आणून बसवायचं असेल तर त्याचा नंबर आरसीवर चढवावा लागतो आणि आरटीओची परवानगी लागते. पावती नसलेलं स्वस्त इंजिन चोरीचंही असू शकतं. गाडीला १५ वर्षं झाली की दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवायची. एप्रिल २०२२ पासून दुचाकीला त्याचे १००० रुपये लागतात, आणि ऑगस्ट २०२५ च्या नियमानुसार २० वर्षांपुढच्या गाडीला २०००. त्यावर पर्यावरण कर, विमा, पीयूसी, नवी नंबरप्लेट. पिस्टन किट, बोअर आणि गॅस्किटचा भाव दुकानात विचारा, त्यात हा खर्च मिळवा आणि भंगारवाल्याच्या आकड्याशेजारी वहीत लिहा. मगच घरी वडिलांशी बोला. आकडे लिहिलेले असले की चर्चा लवकर संपते.

गाडी चालू झाली की पहिले ५०० किलोमीटर दमानं. धारूरचा घाट डबलसीट चढवू नका, रेस ताणू नका, आणि ते पहिलं ऑइल लवकर बदला, कारण नव्या रिंगांचा चुरा त्यातच असतो. काढलेलं जुनं ऑइल नालीत किंवा बांधावर ओतायचं नाही. बाटलीत भरून गॅरेजवर द्या, तिथे ते पिंपात साठवून विकतात.