नावांचा प्रवास : आपल्या सीमाभागातील नामकरण



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले आहे, त्यांनी घेतलेली हजेरी आपल्यापैकी अनेकांच्या कानांत अजून असेल. त्या हजेरीतील नावे हाच माझा आजचा विषय आहे.

हुमनाबाद परिसरातील जुन्या पिढीत धोंडू, दगडू, केरबा अशी नावे सहज आढळत. शेजारच्या कानडी घरांत गुंडप्पा, कल्लप्पा, तिप्पण्णा होते. गुंडू म्हणजे गोटा, कल्लु म्हणजे दगड, तिप्पे म्हणजे उकिरडा. पाठोपाठ मुले दगावली की पुढच्या मुलाला टाकाऊ वस्तूचे नाव देऊन दृष्ट चुकवीत. भाषा दोन, पण आईची धास्ती एकच. बालमृत्यू घटले, भारतातून १९७५ साली देवीचा रोग हटला, आणि ही नावेही मागे पडली.

दुसरी रीत श्रद्धेची. शहाजी व शरीफजी ही नावे अहमदनगरच्या शहा शरीफ पीरावरून ठेवली, असे परंपरा सांगते. आपल्याकडे फकीरप्पा आणि हुसेनप्पा हिंदू घरांतच नांदले. माणिकप्रभूंच्या (१८१७–१८६५) या भूमीत माणिकराव आणि माणिकप्पा एकाच वर्गात बसले.

नोंदवही आली की नाव स्थिरावते. इंग्लंडमध्ये १५३८ पासून बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद चर्चमध्ये सक्तीची झाली. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने कॅथलिकांसाठी विवाहनोंदीचा नियम केला. संतांची मोजकी नावे गावोगाव पसरल्याने एकाच नावाची माणसे ओळखण्यास शेत, धंदा वा बापाचे नाव जोडीत. नेदरलँड्समध्ये तर १८११ साली नेपोलियनच्या हुकुमाने आडनाव घ्यावे लागले.

आपल्याकडे वतनावरून पाटील, कुलकर्णी, गावावरून ‘-कर’ अशी आडनावे होती; पण अनेक घरांना बापाचे नाव पुरत असे. हैदराबाद संस्थानात १८८४ साली फारसीच्या जागी उर्दू आली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर कानडी आली. त्यामुळे एकाच शेतकऱ्याचे नाव जुन्या दप्तरात उर्दूत, शाळेच्या दाखल्यावर मराठीत, पहाणीवर कानडीत आणि ओळखपत्रावर रोमन लिपीत, तेही निरनिराळ्या रूपांत सापडते. वारसनोंदीच्या वेळी ही रूपे एकाच माणसाची आहेत, हे प्रतिज्ञापत्र करून सिद्ध करावे लागते. शिक्षक या नात्याने मी प्रवेशाची नोंदवही लिहिली आहे. तिच्यातील एका वेलांटीवर कोणाची जमीन अवलंबून असू शकते, हे मी जाणतो.

स्त्रियांचे दुःख याहून खोल आहे. लग्नात तांदळांत नवे नाव लिहिले गेले की माहेरची मुलगी कागदावरून नाहीशी होते. मग माहेरच्या वाटणीत तिला स्वतःचीच ओळख पटवावी लागते. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली मुलाच्या नावानंतर आईचे नाव लिहिण्याचा निर्णय घेतला, तो या दृष्टीने मोलाचा आहे.

माजी विद्यार्थ्यांना माझी एवढीच विनंती आहे : आजीचे माहेरचे नाव विचारून घ्या, आणि घरच्या वहीत ते मराठी, कानडी दोन्ही लिपींत उतरवून ठेवा. ते नाव सांगू शकणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत.