‘आय अँड आय’ : बॉब मार्लीचे गीत आणि रास्ताफारी श्रद्धा

जमैकन रेगे संगीताचा सर्वांत ख्यातनाम उद्गाता बॉब मार्ली ११ मे १९८१ रोजी मायामी येथे कर्करोगाने निधन पावला. मृत्युसमयी त्याचे वय अवघे ३६ वर्षांचे होते. त्यानंतर तीन वर्षांनी, १९८४ मध्ये, त्याच्या निवडक गीतांचा ‘लेजंड’ हा संग्रह निघाला. त्याच्या दोन कोटींहून अधिक प्रती खपल्या असून, जगातील बहुसंख्य श्रोत्यांना मार्ली ठाऊक झाला तो याच संग्रहातून. या संग्रहात १९७६ सालचे ‘वॉर’ हे गीत नाही आणि १९७९ च्या ‘सर्व्हायव्हल’ या संपूर्ण आफ्रिकानिष्ठ गीतसंचातील एकही गीत नाही. परिणामी प्रेम, शांती आणि समुद्रकिनारा यांचा एक सौम्य गायक लोकांच्या मनात ठसला आणि ज्या श्रद्धेतून त्याची शब्दकळा घडली ती श्रद्धा केसांच्या जटा आणि गांजाचा धूर एवढ्यावरच येऊन थांबली. वस्तुतः मार्लीच्या बाबतीत रास्ताफारी श्रद्धा ही प्रथमतः एक वाचनपद्धती आहे, आणि त्याहूनही अधिक ती एक व्याकरणपद्धती आहे. ती वगळली असता त्याच्या गीतांचा अर्थ निम्म्याहून अधिक हरवतो.

या श्रद्धेचा आरंभ एका राज्याभिषेकाने झाला. २ नोव्हेंबर १९३० रोजी इथिओपियात रास ताफारी मकोनेन हे ‘हायले सेलासी पहिले’ या नावाने सम्राट झाले. राजाधिराज, यहूदा वंशाचा विजयी सिंह ही त्यांची परंपरागत बिरुदे होती. वसाहतीत पिढ्यानुपिढ्या बायबल ऐकत आलेल्या जमैकन कृष्णवर्णीयांना ती बिरुदे थेट ‘प्रकटीकरणा’च्या पुस्तकातून उतरल्यासारखी भासली. लिओनार्ड हॉवेल याने १९३३ पासून या सम्राटाच्या देवत्वाचा प्रचार आरंभिला. १९३४ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून त्याला कारावास झाला. त्याने आपली पुस्तिका प्रसिद्ध केली ती मात्र ‘जी. जी. मराघ’, म्हणजे गंगुंगुरू मराघ, या नावाने. यातील ‘मराघ’ हे ‘महाराज’ शब्दाचे जमैकन रूप होय. १८४५ ते १९१७ या काळात सुमारे ३६ हजार भारतीय करारबद्ध मजूर जमैकात गेले. ‘गांजा’ हा शब्द तेथील बोलीत आला तो त्यांच्याबरोबरच. अजय आणि लक्ष्मी मानसिंग या अभ्यासकांनी या आधारे रास्ताफारी पंथावरील हिंदू प्रभावाची विस्तृत मांडणी केली आहे. ती सर्वांना मान्य नाही, आणि शब्दांच्या प्रवासावरून तत्त्वज्ञानाच्या प्रवासाचे अनुमान काढताना संयम राखलेला बरा. तथापि पंथाच्या आद्य प्रवर्तकाने स्वतःसाठी एक भारतीय नाव निवडावे, ही गोष्ट उपेक्षणीय खास नव्हे. हॉवेलला त्याचे अनुयायी ‘गाँग’ म्हणत आणि मार्लीचे ‘टफ गाँग’ हे टोपणनाव त्याच परंपरेतले मानले जाते.

बायबलच्या संदर्भात तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने एक गोष्ट आवर्जून ध्यानात घ्यावी. रास्ताफारींचे बायबल म्हणजे १६११ चा इंग्रजी अनुवाद. त्यातील ६८ व्या स्तोत्रात ‘जाह’ हे देवाचे संक्षिप्त नाव येते आणि त्याच स्तोत्रात इथिओपियाचा नामनिर्देशही येतो. मूळ हिब्रूत त्या जागी ‘कूश’ हा शब्द आहे आणि मराठी पवित्र शास्त्राने तो तसाच ठेवला आहे. इंग्रजी अनुवादकांनी ग्रीक परंपरेला अनुसरून ‘इथिओपिया’ म्हटले नसते, तर किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतील वाचकाला त्या ओळीत स्वतःचा देश क्वचितच दिसला असता. एका अनुवादनिर्णयातून एक धर्म उभा राहावा, याचे याहून ठळक उदाहरण सहसा आढळणार नाही.

मराठी वाचकाला या ठिकाणी १९५६ च्या नागपूरच्या धर्मांतराचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. दलित साहित्याच्या चर्चेत कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी तुलना पूर्वीच रूढ झाली आहे. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावही अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरूनच घेतले. परंतु या साम्याच्या आहारी जाऊन चालणार नाही. डॉ. आंबेडकरांच्या बावीस प्रतिज्ञांनी अवतारकल्पनेलाच नकार दिला. रास्ताफारींनी अवतार कायम ठेवला आणि त्याचा वर्ण बदलला. एकाने ग्रंथ सोडला, दुसऱ्याने धन्याचाच ग्रंथ धन्याच्या विरोधात वाचला. या दुसऱ्या मार्गाचे सामर्थ्य आणि त्याचा धोका हे दोन्ही मार्लीच्या आयुष्यात दिसून येतात.

बायबलइतकेच महत्त्व या पंथाच्या भाषेला आहे. जमैकन बोलीत प्रथमपुरुषी एकवचनासाठी इंग्रजीतील कर्मवाचक रूप कर्त्याच्या जागीही योजले जाते. त्याचा उच्चार मराठीतील ‘मी’सारखाच होतो, म्हणून वाचकाने फसू नये. ज्याच्यावर क्रिया घडते त्याचे हे सर्वनाम रास्ताफारींना गुलामाचे वाटले. ते टाकून त्यांनी ‘आय अँड आय’ हे रूप रूढ केले. प्रसंगानुसार त्याचा अर्थ ‘मी’ असा होतो, ‘आम्ही’ असा होतो, ‘तू आणि मी’ असाही होतो. माझ्यातला आणि तुझ्यातला ‘जाह’ एकच, ही त्यामागची धारणा. इंग्रजीत हा प्रयोग विक्षिप्त वाटतो. मराठीत श्रोत्याला सामावून घेणारे ‘आपण’ आणि त्याला वगळणारे ‘आम्ही’ असा भेद मुळातच असल्याने आपल्याला तो तितकासा परका वाटू नये. याच वृत्तीने पंथाने इतर शब्दही मोडून घडविले. जुलूमवाचक ‘ऑप्रेशन’ या शब्दाचा पूर्वभाग जमैकन कानाला ‘अप’, म्हणजे ‘वर’, असा ऐकू येतो. जे माणसाला खाली दाबते त्याच्या नावात ‘वर’ कसे, म्हणून तो शब्द ‘डाउनप्रेशन’ झाला. वेल्मा पोलार्ड यांनी ‘ड्रेड टॉक’ या पुस्तकात या भाषेचा साक्षेपी अभ्यास केला आहे. मार्लीची शब्दरचना या भाषेच्या तुलनेत बरीच सौम्य आहे, कारण त्याला जमैकाबाहेरचा श्रोता अभिप्रेत होता. पण तिचा कणा हाच.

रॉबर्ट नेस्टा मार्लीचा जन्म ६ फेब्रुवारी १९४५ रोजी सेंट ॲन परगण्यातील नाइन माइल या खेड्यात झाला. आई सेडेला कृष्णवर्णीय व जेमतेम १८ वर्षांची, वडील नॉर्व्हल गौरवर्णीय व वयाने कितीतरी मोठे. वडिलांचा सहवास त्याला नाममात्र लाभला. किंग्स्टनच्या ट्रेंच टाउन वस्तीत तो वाढला, काही काळ त्याने वेल्डरचे काम केले, जो हिग्ज याच्याकडे गायनाचे पाठ घेतले आणि पीटर टॉश व बनी लिव्हिंगस्टन यांच्यासह ‘वेलर्स’ हा वृंद उभारला. २१ एप्रिल १९६६ रोजी हायले सेलासी यांनी जमैकाला भेट दिली, तेव्हा मार्ली अमेरिकेत आईजवळ होता. नवपरिणीत पत्नी रीटा हिने मात्र सम्राटाला पाहिले, आणि त्याच्या तळहातावर क्रुसाच्या खिळ्याचा व्रण आपल्याला दिसला असे तिने पुढे नमूद केले. त्या दिवशी विमानतळावरील अनावर गर्दीला शांत करणारा मॉर्टिमो प्लानो हा रास्ताफारी ज्येष्ठ पुढे मार्लीचा मार्गदर्शक झाला. मार्लीने देव पाहिला नाही. त्याने देवाविषयी ऐकले आणि वाचले.

त्याच्या ‘वॉर’ या गीतात हे वाचन प्रत्यक्ष रचनातत्त्व बनते. ४ ऑक्टोबर १९६३ रोजी हायले सेलासी यांनी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत वर्णभेद आणि वसाहतवाद यांविषयी भाषण केले. ते अम्हारिक भाषेत होते. त्याच्या इंग्रजी अनुवादातील एक उतारा जवळजवळ जसाच्या तसा घेऊन हे गीत सिद्ध झाले आहे. श्रेयनामावलीत अॅलन कोल व कार्लटन बॅरेट यांची नावे आहेत. स्वतःचे म्हणून जे घातले ते फार थोडे : प्रत्येक अटीच्या शेवटी आदळणारा ‘युद्ध’ हा एकच शब्द. राजनैतिक गद्यातील लांबलचक अटींची वाक्यरचना त्या शब्दाच्या पुनरुक्तीने स्तोत्राच्या लयीत जाते. राष्ट्रप्रमुखाच्या भाषणाचा असा उपयोग केवळ श्रद्धेनेच शक्य होता, कारण गाणाऱ्याच्या दृष्टीने ते देववाणीचे पठण होते. १९८० च्या ‘रिडेम्प्शन साँग’मध्ये हीच रीत मार्कस गार्वी यांच्या १९३७ च्या भाषणाला लावलेली दिसते. यात एक विसंगती आहे. सेंट ॲन परगण्यातच जन्मलेल्या गार्वींना रास्ताफारी आपला प्रेषित मानतात. परंतु इटलीच्या आक्रमणानंतर देश सोडणाऱ्या हायले सेलासींवर खुद्द गार्वींनी कठोर टीका केली होती. मार्लीच्या गीतसंभारात दोघेही सुखाने शेजारी नांदतात. श्रद्धेला संहिता चालते, इतिहास अडचणीचा ठरतो.

ही अडचण ऑगस्ट १९७५ मध्ये उघड झाली. पदच्युत सम्राटाच्या निधनाची वार्ता इथिओपियाच्या लष्करी राजवटीने जाहीर केली. पृथ्वीवर देहधारी असलेला देव मरतो तेव्हा भक्ताने काय करावे? मार्लीने ‘जाह लिव्ह’ हे गीत ध्वनिमुद्रित करून ती वार्ताच नाकारली. सम्राटाचे अवशेष १९९२ मध्ये सापडले आणि ५ नोव्हेंबर २००० रोजी अदिस अबाबा येथे त्यांचे विधिवत दफन झाले. तेव्हाही बहुसंख्य रास्ताफारींनी ते अवशेष खरे मानले नाहीत. रीटा मार्ली मात्र त्या विधीस उपस्थित होती.

पुढची कसोटी त्याच्या स्वतःच्या देहाची होती. १९७७ मध्ये पायाच्या अंगठ्याला झालेल्या दुखापतीच्या उपचारांत त्वचेच्या कर्करोगाचे निदान झाले. अंगठा कापण्याचा सल्ला त्याने मानला नाही. नखाखालचा भाग काढून तेथे त्वचारोपण करण्यात आले. ‘लेवीय’ आणि ‘गणना’ या पुस्तकांतील देहावर शस्त्र न चालविण्याचे, नाजीर व्रतस्थाने केस न कापण्याचे नियम पंथाला प्रमाण असल्याने हा नकार धार्मिक मानला जातो. नृत्य आणि फुटबॉल यांची आसक्ती हेही एक कारण सांगितले जाते. ही दोन कारणे परस्परविरोधी नाहीत, कारण रास्ताफारी दृष्टीत देह हाच देवाचे मंदिर. तथापि त्याच्या मृत्यूला केवळ त्याची श्रद्धा कारणीभूत झाली, असे ठामपणे विधान करणे धाडसाचे होईल.

२३ सप्टेंबर १९८० रोजी पिट्सबर्ग येथे त्याचा अखेरचा जाहीर कार्यक्रम झाला. ४ नोव्हेंबर १९८० रोजी त्याने इथिओपियन ऑर्थोडॉक्स चर्चचा बाप्तिस्मा घेतला. हे सम्राटाचे स्वतःचे चर्च असले, तरी ते सम्राटाला देव मानीत नाही. मार्ली तोवर ‘ट्वेल्व्ह ट्राइब्ज ऑफ इस्राएल’ या रास्ताफारी शाखेचा सदस्य होता आणि जन्ममासानुसार योसेफाच्या वंशात गणला जात होता. बाप्तिस्म्याची इच्छा त्याच्या मनात दीर्घकाळ होती व भोवतालच्या मंडळींमुळे ती लांबणीवर पडत होती, असे आर्चबिशप आबुना येसेहाक यांनी नंतर एका मुलाखतीत सांगितले. काहींनी याला श्रद्धात्याग म्हटले, काहींनी मरणासन्नाची शरणागती. बाप्तिस्म्यात त्याला मिळालेल्या ‘बेरहाने सेलासी’ या नावाकडे दोन्ही पक्षांनी पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही. ‘सेलासी’ म्हणजे त्रैक्य. सम्राटाच्या नावाचा अर्थ त्रैक्याचे सामर्थ्य, मार्लीच्या नावाचा अर्थ त्रैक्याचा प्रकाश. चर्चच्या कानाला त्यात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ऐकू येतात. रास्ताफारीच्या कानाला ‘सेलासीचा प्रकाश’ ऐकू येतो. एका शब्दात दोन अर्थ सुखाने नांदू देणे हे ज्याने आयुष्यभर केले, त्याला हे नाव परके वाटले असेल असे मानण्याचे कारण नाही.

नाजीर व्रताचा जो अध्याय केस कापण्यास मनाई करतो, तोच प्रेताजवळ जाण्यासही मनाई करतो. रास्ताफारी परंपरेत मृत्यूचा उच्चारही टाळला जातो. मार्लीने मृत्युपत्र केले नाही. त्याच्या मालमत्तेवरून पुढे कित्येक वर्षे खटले चालले. २१ मे १९८१ रोजी किंग्स्टनमध्ये शासकीय इतमामाने आणि इथिओपियन विधीने त्याची अंत्ययात्रा निघाली व नाइन माइल येथे, जन्मस्थानीच, त्याला पुरण्यात आले. शवपेटीत त्याच्यासोबत त्याची गिटार आणि बायबल ठेवण्यात आले होते.